चहूकडे पाणी, तरी इंजिन का तापते?

भर उन्हाळ्यात घाट चढणारा मालट्रक रस्त्याच्या कडेला उभा आहे, बॉनेट उघडे आहे आणि आतून वाफ निघत आहे, हे दृश्य तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. ऊन, चढ आणि वर भरलेला माल! इंजिन तापले यात नवल ते काय?

आता दुसरे चित्र डोळ्यांपुढे आणा. हवा थंड आहे, आकाश ढगाळ आहे, चढाव मुळीच नाही, आणि वाहन आहे एक बोट. तिच्या खाली पाणी, दोन्ही बाजूंना पाणी आणि तेही जेमतेम १५ अंश सेल्सिअसचे. अशा बोटीच्या इंजिनाच्या तापमापकाचा काटा १०० च्या पुढे सरकू लागला, तर तुम्ही काय म्हणाल? थंड पाण्यात बुडालेल्या वस्तूने तापावे, हे विचित्र नाही का?

इंग्लंडमधील कालव्यांवर बोट चालवणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर शोधताना आपल्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेचे बरेचसे धडे कामाला येतात. शिवाय बिघाड कसा शोधावा, याचीही एक चांगली शिस्त शिकायला मिळते. चला तर मग.

कालवा आणि अरुंद बोट

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मालाच्या वाहतुकीसाठी कालवे खोदले गेले. ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली खुला झाला आणि त्यातून कोळसा वाहून नेला जाऊ लागला. त्याचा एक शिल्पकार जेम्स ब्रिंडली याने पुढे ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कालव्याची आखणी केली. सुमारे १५० किलोमीटर लांबीचा हा कालवा ब्रिंडलीच्या मृत्यूनंतर, १७७७ साली पुरा झाला. काठावरून चालणारे घोडे दोरांनी बोटी ओढत असत.

या कालव्यांवर ठिकठिकाणी ‘लॉक’ आहेत. लॉक म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. यांतील पुष्कळ हौद सुमारे ७ फूटच रुंद असल्यामुळे त्यांतून जाणारी बोटही तेवढीच अरुंद, म्हणजे सुमारे २.१ मीटर रुंद असते. लांबी मात्र २१-२२ मीटरपर्यंत असू शकते. आज घोडे गेले, बहुतेक मालही गेला; पण पोलादी पत्र्याच्या, डिझेल इंजिनावर चालणाऱ्या अशा बोटींतून लोक सहली करतात, काहीजण त्यांतच घर करून राहतात. इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्गांची देखभाल २०१२ सालापासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था करते.

उष्णतेचा जमाखर्च

एक लिटर डिझेल जळले की सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तिचे काय होते? ढोबळमानाने तीन वाटे पडतात. एक वाटा पंखा फिरवतो. दुसरा धुराबरोबर निघून जातो. तिसरा इंजिनाच्या ओतीव लोखंडात शिरतो आणि तेथून शीतनाच्या पाण्यात येतो. हा तिसरा वाटाच आपल्या गोष्टीचा नायक आहे.

समजा, आपली बोट कालव्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने रमतगमत चालली आहे आणि तासाला १.२ लिटर डिझेल जाळते आहे. १.२ ला ३६ ने गुणले की ४३.२ मेगाज्यूल होतात. तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागले तर उत्तर येते १२ किलोवॅट. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ४ किलोवॅट, शीतनाच्या पाण्यात येतो. पाणी गरम करण्याच्या दोन मोठ्या विजेच्या शेगड्या सतत चालू ठेवाव्यात, तेवढी ही उष्णता झाली.

ही उष्णता जितकी येते तितकीच बाहेर गेली, तर तापमान स्थिर राहते. जमा जास्त आणि खर्च कमी झाला की शिल्लक वाढते. इंजिनात शिल्लक वाढणे म्हणजेच तापमान वाढणे. इंजिन तापण्याचे याखेरीज दुसरे कारण नाही.

उष्णता बाहेर कशी जाते?

कालव्याचे पाणीच सरळ इंजिनातून खेळवले तर? काही बोटींत बाहेरचे पाणी आत घेतात. पण कालव्यात गाळ, पाने, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या असे काय काय असते! गाळणी तुंबते, पंपाची रबरी पाती झिजतात. म्हणून बहुतेक अरुंद बोटींत वेगळी युक्ती असते.

बोटीच्या पोलादी बाजूला आतून एक उभी, चपटी टाकी जोडलेली असते. तिची बाहेरची भिंत म्हणजे बोटीचीच भिंत, आणि भिंतीपलीकडे कालवा. इंजिनातील गरम पाणी या टाकीत वरून शिरते, भिंतीतून आपली उष्णता कालव्याला देते आणि गार होऊन खालून परत इंजिनाकडे जाते. आतले पाणी आतच राहते, बाहेरचे बाहेर. मोटारीच्या रेडिएटरचे काम येथे बोटीच्या अंगाचा पत्राच करतो. या टाकीला आपण ‘बाजूची टाकी’ म्हणू. ती किती मोठी असावी, याचा बोटी बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: इंजिनाच्या अश्वशक्तीला ४ ने भागा, तितके चौरस फूट क्षेत्रफळ हवे. ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला १० चौरस फूट, म्हणजे सुमारे ०.९ चौरस मीटर.

आता उष्णतेच्या प्रवासाचे तीन टप्पे मनात पक्के करा.

पहिला टप्पा : इंजिनात उष्णता निर्माण होणे.
दुसरा टप्पा : पाण्याने ती बाजूच्या टाकीपर्यंत वाहून नेणे. हे काम पट्ट्यावर फिरणारा पंप करतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातील मेण सुमारे ८० अंशांना वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते, त्यामुळे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येते.
तिसरा टप्पा : टाकीच्या भिंतीतून उष्णता कालव्याला देणे.

बिघाड कोणताही असो, तो या तीनपैकी एका टप्प्यावर असतो. कोणत्या, ते ओळखायचे कसे?

‘किती’ नव्हे, ‘केव्हा’ विचारा

ताप आलेल्या रोग्याला डॉक्टर ‘ताप किती?’ एवढेच विचारून थांबत नाहीत. ‘केव्हा येतो? थंडी वाजून येतो का? रोज येतो की दिवसाआड?’ असेही विचारतात. इंजिनाचेही तसेच आहे.

(१) सुरू केल्यापासून थोड्याच मिनिटांत तापते, आणि बाजूची टाकी मात्र गारच राहते. याचा अर्थ, गरम पाणी टाकीपर्यंत पोचतच नाही. दोष दुसऱ्या टप्प्यात. पट्टा सैल किंवा तुटलेला असेल, पंप निकामी असेल, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल किंवा नळीत हवा कोंडली असेल.

(२) नेहमीच्या वेगाने जाताना एकाएकी तापू लागते, बोट मंदावते, धूर काळा येतो. येथे पहिल्या टप्प्यावर संशय घ्यावा. पंख्याला दोरी, चिंध्या किंवा प्लास्टिक गुंडाळले गेले की इंजिनावर भार पडतो. बोटीच्या मागच्या भागात पंख्याच्या नेमके वर एक झाकणबंद भोक असते. त्यातून हात घालून पंखा मोकळा करता येतो. पण आधी इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवायची, हा नियम कधीही मोडायचा नाही.

(३) इंजिनाचे काम केल्यावर किंवा पाणी बदलल्यावर तापू लागले. पाणी भरताना हवा आत राहिली असण्याचा संभव सर्वांत मोठा.

(४) पाणी रोज कमी होते, पण गळती कोठे दिसत नाही आणि इंजिन चालू असताना भरण्याच्या टाकीत सतत बुडबुडे येतात. येथे हेडखालची गॅस्केट फुटून ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत असावेत. हे काम जाणत्या मेकॅनिकचेच.

(५) हळू चालवताना ठीक, जोराने चालवताना तापते. उष्णता टाकीपर्यंत पोचते, पण टाकीला ती पुरेशी बाहेर टाकता येत नाही. दोष बहुधा तिसऱ्या टप्प्यात.

आणखी एक सावधगिरी. काटा दाखवतो ते खरेच असते असे नाही. तापमान मोजणारा तुकडा पाण्यात बुडालेला असला तरच तो नीट सांगतो. पाणी निघून जाऊन तो नुसत्या हवेत राहिला, तर इंजिन भयंकर तापलेले असूनही काटा खाली येऊ शकतो! म्हणून काटा अचानक पडला तरी ‘बरे झाले, गार झाले’ असे समजू नये.

नदीवर आलेली बोट

आता एक उदाहरण सोडवू. समजा, आपली बोट ट्रेंट आणि मर्सी कालव्यावर आठवडाभर हिंडली. काटा ८० च्या आसपास स्थिर. मग ती ट्रेंट नदीत उतरली. परत येताना प्रवाहाविरुद्ध जायचे होते, म्हणून चालकाने इंजिनाचा वेग वाढवला. पंधरा-वीस मिनिटांत काटा १०० ला भिडला.

नदीत येताच काय बदलले? पाण्याच्या संदर्भात बोटीचा वेग ताशी ५ ऐवजी ७.५ किलोमीटर, म्हणजे दीडपट झाला. अशा बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीडचा घन सुमारे ३.४. म्हणजे डिझेल तासाला १.२ ऐवजी सुमारे ४ लिटर! आता एकूण ऊर्जा ४० किलोवॅट आणि पाण्यात येणारी उष्णता १३ किलोवॅटच्या वर. वेग दीडपट, पण उष्णता तिपटीहून अधिक.

अशा वेळी चालकाचे पहिले काम बिघाड शोधणे नव्हे, बोट सुरक्षित ठेवणे हे आहे. कालव्यात इंजिन बंद पडले तर बोट काठाला लागेल, एवढेच. नदीत मात्र प्रवाह तिला खाली नेतो, आणि खाली बंधारा असू शकतो. म्हणून नदीवर जाताना नांगर दोरासह तयार ठेवतात. काटा चढू लागताच वेग कमी करावा, बोट काठाकडे वळवावी आणि बांधून घ्यावी. पाणी खेळते असेल तर इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे लोखंडातील उष्णता निघून जाते. पाणी संपले असेल किंवा वाफ येत असेल, तर काठ गाठून किंवा नांगर टाकून ते ताबडतोब बंद करावे. तसेच चालवले तर हेड वाकते, दट्ट्या नळकांड्यात जाम होतो आणि इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

इंजिन पुरते निवल्यावर शोध सुरू झाला. पाण्याची पातळी पाहिली, किंचित कमी. पट्टा घट्ट. पंखा मोकळा. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात तापमापकासह टाकला आणि पाणी तापवले. ८० अंशांच्या सुमारास झडप उघडली. म्हणजे तो निर्दोष. तो परत बसवून, बोट काठाला पक्की बांधून, इंजिन पुन्हा भाराखाली चालवले आणि बाजूच्या टाकीचे तापमान जागोजाग पाहिले. हल्ली दुरून तापमान सांगणारे इन्फ्रारेड तापमापक मिळतात; ते नसेल तर हाताचा मागचा भाग पत्र्याच्या जवळ नेला तरी अंदाज येतो, पत्र्याला मात्र हात लावायचा नाही. टाकीचा खालचा भाग चांगलाच तापलेला होता. पण ५० सेंटिमीटर उंचीच्या टाकीचा वरचा २० सेंटिमीटरचा पट्टा जवळजवळ गार!

काय असेल त्या पट्ट्यात? हवा. पाणी हवेपेक्षा सुमारे तेवीसपट चांगले उष्णतावाहक आहे. शिवाय हवा कोंडलेल्या भागात गरम पाणी भिंतीला लागतच नाही. टाकीचे ४० टक्के क्षेत्रफळ फुकट गेले होते.

पूर्ण टाकी ८० अंशांना सुमारे १३.३ किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकते असे धरा. तिचे ६० टक्के म्हणजे ८ किलोवॅट. कालव्यावर जमा ४ किलोवॅट, खर्चाची ताकद ८. दोष असूनही काही जाणवले नाही. थर्मोस्टॅटने झडप थोडी मिटून हिशेब जुळवून घेतला. नदीवर जमा १३.३, खर्च ८. दर सेकंदाला ५ किलोज्यूलहून अधिक शिल्लक!

आता काटा चढायला किती वेळ लागेल? आत २५ लिटर पाणी आणि २०० किलोग्रॅम लोखंड आहे असे धरू. पाण्याला १ अंश तापवायला २५ × ४.२ म्हणजे १०५ किलोज्यूल लागतात, लोखंडाला २०० × ०.४६ म्हणजे ९२. एकूण जवळजवळ २००. सुरुवातीला सुमारे ४० सेकंदांत एक अंश वाढेल. तापमान वाढले की टाकी थोडी अधिक उष्णता बाहेर टाकते, म्हणून पुढे वाढ मंदावते. ८० वरून १०० वर जायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, ती यामुळेच.

उपाय किती साधा! टाकीच्या माथ्यावर हवा सोडण्याचा एक स्क्रू असतो. इंजिन थंड असताना तो हळूच सैल केला. फुस्स आवाज करीत हवा निघाली, मग पाण्याचे थेंब आले. स्क्रू आवळला, पातळी पुन्हा भरली. मग त्याच वेगाने, तितकाच वेळ इंजिन चालवून दर दोन मिनिटांनी काटा नोंदवला. तो ८० च्या जवळपास थांबला.

प्रश्न सुटला? अर्धाच. हवा आली कोठून? पाणी भरताना राहिली असेल तर आता परत येणार नाही. पण काही दिवसांत पुन्हा साठली, तर नळीची एखादी क्लिप सैल आहे किंवा गॅस्केट फुटली आहे असे समजून शोध पुढे न्यावा लागेल. आणि हवा नसतानाही इंजिन तापत असेल, तर टाकीच मुळात लहान आहे.

येथे एक शिस्त लक्षात घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि प्रत्येक बदलानंतर मोजमाप केले. थर्मोस्टॅट, पंप, पट्टा सगळेच एकदम नवे बसवले असते, तर पाणी नव्याने भरताना हवाही कदाचित निघून गेली असती. इंजिन सुधारलेही असते. पण का, ते कळले नसते आणि पैसे मात्र गेले असते.

झाकणाला हात लावू नका

पाणी भरण्याच्या टाकीचे झाकण दाब धरून ठेवणारे असते. आत वातावरणाच्या दीडपट दाब असेल, तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. समजा, ११० अंशांना कोणी झाकण उघडले. दाब एकदम उतरतो आणि पाणी क्षणात उकळते. १० अंशांची जास्तीची उष्णता १० लिटर पाण्यातून सुमारे १९० ग्रॅम वाफ निर्माण करते. तिला जागा लागते ३०० लिटरच्या आसपास! ती उकळत्या पाण्याला बरोबर घेऊन तोंडावर येते. म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडायचे नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतायचे नाही. ओतीव लोखंड असमान आकुंचनाने तडकते. आणि या पाण्यात गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेले असते. ते विषारी आहे, कालव्यात सांडू देऊ नये.

करून पाहा

सारख्या आकाराचे दोन रिकामे डबे घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला, म्हणजे मध्ये हवेचा थर राहील. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्हींत सारखेच, सुमारे ६० अंशांचे पाणी भरा आणि डबे थंड पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून धरा. दर मिनिटाला तापमान लिहा, आलेख काढा. हवेचा पातळ थर काय करतो, ते आलेखच सांगेल.

विचार करा

१. आपली हवा कोंडलेली टाकी ८० अंशांना, १५ अंशांच्या नदीत ८ किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. उष्णता तापमानातील फरकाच्या प्रमाणात जाते असे धरून, हिवाळ्यात ५ अंशांच्या आणि उन्हाळ्यात २० अंशांच्या पाण्यात ती किती उष्णता टाकेल? दोष कोणत्या ऋतूत आधी उघड होईल?

२. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, म्हणजे इंजिन कधी तापणार नाही,’ असे कोणी म्हटले. वरच्या उदाहरणातील बोटीला नदीवर त्याचा उपयोग झाला असता का? कालव्यावर हळू चालताना इंजिनाचे तापमान कसे राहिले असते?

३. तुमच्या गावात विहिरीवर पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन असेल, तर मालकांच्या परवानगीने ते पाहून या. त्याची उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाते? तीन टप्पे ओळखून त्याची आकृती काढा.